वाचक विचारतात : उन्हाने वाढणारे मिलिमीटर

उन्हाळा तोंडावर आला की या सदराच्या टपालात भेगा, गळती, उचकटलेल्या लाद्या आणि ‘माप जुळत नाही’ अशा तक्रारी वाढतात. वरवर वेगळे दिसणारे हे प्रश्न बहुतेक वेळा एकाच ठिकाणी येऊन ठेपतात. तापल्यावर वस्तू वाढते, पण शेजारची वस्तू तेवढी वाढत नाही किंवा तिला वाढू देत नाही. मोकळेपणाने वाढू दिलं तर सहसा काहीच बिघडत नाही.

उत्तरांत पुन्हा पुन्हा लागणारे आकडे आधीच देऊन ठेवतो. एक मीटर लांबीची वस्तू १० अंश सेल्सिअसने तापली तर पोलाद ०.१२ मिमी वाढतं, काँक्रीट साधारण ०.११, विटांचं बांधकाम ०.०५ ते ०.०६, साधी काच ०.०९, स्टेनलेस स्टील आणि तांबं ०.१७, पितळ ०.१९, ॲल्युमिनियम ०.२३ आणि गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप तब्बल ०.६५ मिमी. लांबी आणि तापमानातला फरक यांच्या पटीत हा आकडा वाढवायचा, की झालं गणित.

प्रश्न : आमची इमारत चार मजली, बांधून बारा वर्षं झाली. सगळ्यात वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या बरोबर खाली, भिंतीवर आडवी भेग पडते. दर दिवाळीला पुट्टी भरून रंग देतो, मे महिन्यात भेग पुन्हा हजर. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो पाया खचतोय. खरं काय?
– सहकारनगर

उत्तर : पाया खचला असता तर भेग तिरकी गेली असती, एका टोकाला रुंद आणि दुसऱ्या टोकाला बारीक दिसली असती आणि खालच्या मजल्यांवरही तिची खूण सापडली असती. फक्त वरच्या मजल्यावर, स्लॅबच्या रेषेत आणि ऋतूप्रमाणे उघडझाप करणारी भेग ही उन्हाची असते. पश्चिम आणि दक्षिण बाजूच्या खोल्यांत ती जास्त ठळक आहे का, ते पाहा.

होतं असं. मे महिन्यात उघड्या गच्चीचा पृष्ठभाग दुपारी ६० अंशांच्या आसपास जातो. खालची भिंत मात्र सावलीत असते, शिवाय विटेचं प्रसरण काँक्रीटच्या निम्मंच. स्लॅब १२ मीटर लांब असेल आणि हिवाळ्यातल्या पहाटेपासून उन्हाळ्यातल्या संध्याकाळपर्यंत त्याच्या सरासरी तापमानात २५ अंशांचा फरक पडत असेल, तर स्लॅब सव्वातीन मिलिमीटर लांबतो. मधला भाग जागच्या जागी राहतो, म्हणून प्रत्येक टोक साधारण दीड मिलिमीटर बाहेर सरकतं. स्लॅब आणि भिंत यांच्या सांध्याला हे सरकणं सोसत नाही आणि तिथेच तो फाटतो. कोपऱ्यातल्या खोल्यांत दोन्ही दिशांचं सरकणं एकत्र येतं, म्हणून तिथली भेग सर्वांत वाईट.

खात्री करून घ्यायची असेल तर भेगेच्या वर आणि खाली एकेक बारीक स्क्रू पक्का बसवा आणि दोघांमधलं अंतर डिजिटल व्हर्नियरने आठवडाभर पहाटे सहाला आणि संध्याकाळी सहाला मोजा. भेगेला छेदून जाणारी पेन्सिलीची उभी रेघही मारून ठेवा, म्हणजे आडवं सरकणंही दिसेल. दुपारी दोनला मोजू नका. ऊन डोक्यावर असलं तरी स्लॅबच्या पोटापर्यंत उष्णता पोचायला तीन-चार तास लागतात. रोज अंतर कमी-जास्त होत असेल तर दोष उन्हाचा. एकाच दिशेने वाढतच चाललं असेल, तर मात्र स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा.

आता उपाय. पुट्टी का टिकत नाही, ते एव्हाना लक्षात आलं असेल. ती कडक असते, दीड मिलिमीटर ताणली जाऊच शकत नाही. इथे पॉलियुरेथेन सीलंट लागतं. चांगलं सीलंट आपल्या रुंदीच्या २५ टक्के हालचाल सोसतं. म्हणजे दीड मिलिमीटरसाठी खाच किमान ६ मिमी हवी. आम्ही १२ मिमी रुंद घ्या म्हणू, खोली त्याच्या निम्मी. कटरने सरळ खाच पाडायची, ब्रशने धूळ काढायची आणि तळाशी फोमची गोल दोरी किंवा साधी प्लास्टिक टेप घालायची. ही टेप बरेच कारागीर गाळतात आणि मग सीलंट वर्षभरात फाटतं. सीलंट खाचेच्या फक्त दोन्ही भिंतींना चिकटलं पाहिजे. तळालाही चिकटलं तर ते मोकळेपणाने ताणलं जात नाही. भरायची वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी, म्हणजे भेग मधल्या अवस्थेत असताना. आतल्या बाजूला दिसायला वाईट वाटत असेल तर पीओपीची कॉर्निस करा, पण ती फक्त स्लॅबला धरून. भिंतीला चिकटवली की पहिल्या उन्हाळ्यात तिच्यातही रेघ उमटेल.

खरं औषध मात्र गच्चीवर आहे. पांढरा परावर्तक लेप किंवा फिक्या रंगाचा चायना मोझॅक यांनी पृष्ठभागाचं तापमान १५-२० अंशांनी खाली येऊ शकतं. सरकणंही त्याच प्रमाणात घटतं. गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा जलरोधक थर) असेल तर तो कठड्याला कसा भिडलाय, ते पाहा. तापलेला कोबा कठडा बाहेर ढकलतो, कठड्याच्या पायथ्याला बाहेरून आडवी भेग पडते आणि पावसाळ्यात तिथूनच पाणी आत येतं. कोब्यावर फूट-फूट अंतराने मारलेल्या दोरीच्या रेघांना पुष्कळजण प्रसरणाचा सांधा समजतात. त्या रेघा वरच्या केसासारख्या तड्यांना शिस्त लावतात, एवढंच. खरा सांधा कोब्याच्या पूर्ण जाडीतून जातो आणि सीलंटने भरलेला असतो.

याच ओघात एक इशारा. दोन विंगांमध्ये मुद्दाम सोडलेली इंचभर फट ‘कचरा साठतो’ म्हणून सिमेंटने बुजवणाऱ्या सोसायट्या आहेत. ४५ मीटरपेक्षा लांब इमारतीत असा सांधा ठेवावा, असं काँक्रीटचं भारतीय मानक आयएस ४५६ सांगतं. तो झाकायचा असेल तर ॲल्युमिनियमची पट्टी लावा आणि ती एकाच बाजूला स्क्रूने पक्की करा.

प्रश्न : डिसेंबरात पहाटे मोठा आवाज झाला आणि हॉलमधल्या दोन व्हिट्रिफाइड टाइल्स तंबूसारख्या उभ्या राहिल्या. उन्हाळ्यात असं झालं असतं तर समजलो असतो. थंडीत कसं?
– वाकड

उत्तर : थंडीतच जास्त होतं. व्हिट्रिफाइड टाइलचं प्रसरण काँक्रीटपेक्षा बरंच कमी आहे, मीटरला १० अंशांमागे ०.०६ ते ०.०७ मिमी. गारठ्यात खालचा स्लॅब जास्त आकसतो आणि वरची टाइल कमी, म्हणून टाइल्स एकमेकींवर दाबल्या जातात. पाच मीटरच्या हॉलमध्ये १५ अंशांनी तापमान उतरलं तर हा फरक ०.३४ मिमी भरतो. त्यात काँक्रीट आणि खालचा मसाला सुकताना पहिल्या काही वर्षांत जे आकसतात ते मिळवा. ते ०.०३ टक्के धरलं तरी पाच मीटरला दीड मिलिमीटर होतं. ही सगळी दाब साठवून बसलेली मंडळी. एखादी पोकळ टाइल सापडली की तिथून उसळी घेतात.

एवढ्याशा आकुंचनाने टाइल इतकी वर कशी आली, असं वाटेल. ६०० मिमीच्या दोन टाइल्स सांध्यापाशी वर उचलल्या जाताना तळ फक्त ०.३४ मिमीने आखूड झाला, तरी मधला सांधा १४ मिमी वर येतो. भूमितीच तशी आहे.

तुमच्याकडे तीन चुका एकत्र झालेल्या दिसतात. टाइल्स स्पेसर न लावता एकमेकींना भिडवून बसवल्या, भिंतीच्या कडेला जागा सोडली नाही आणि खाली सिमेंटचं पाणी ओतून बसवल्या. व्हिट्रिफाइड टाइलची पाठ पाणी शोषत नाही, त्यामुळे सिमेंट तिला घट्ट धरतच नाही. तिथे टाइल ॲढेसिव्हच लागतं, तेही दातेरी थापीने पसरून आणि टाइलच्या पाठीवर पातळ थर देऊन.

दुरुस्ती करताना थेट छिन्नी मारू नका, शेजारच्या टाइल्सही उडतील. आधी कटरने आजूबाजूचे सांधे कापून दाब मोकळा करा. मग लाकडी दांड्याने सगळ्या हॉलभर ठोकून पाहा. जिथे भद्द आवाज येईल त्या टाइल्सही काढा. नव्याने बसवताना २-३ मिमीचे स्पेसर, चारही भिंतींलगत ८-१० मिमी मोकळी फट (ती स्कर्टिंगखाली झाकली जाते) आणि दाराच्या उंबऱ्यापाशी सिलिकॉनचा सांधा. घरात साधारण ६ मीटरला आणि ऊन येणाऱ्या बाल्कनीत वा गच्चीवर दर ३ मीटरला असा लवचीक सांधा ठेवावा. भिंतीलगतची फट गवंडी हमखास मसाल्याने भरून टाकतात. स्कर्टिंग लागण्याआधी स्वतः बघा.

प्रश्न : सोलरचा गरम पाण्याचा सीपीव्हीसी पाइप गच्चीवरून चार मजले खाली येतो. प्रत्येक हिवाळ्यात कुठल्या तरी मजल्यावरचा टी (तीन तोंडांचा जोड) फुटतो. प्लंबर म्हणतो चिकटवायचं सोल्यूशन कमी पडलं.
– औंध

उत्तर : दरवर्षी, दरवेळी वेगळ्या मजल्यावर आणि नेहमी टीपाशीच? मग सोल्यूशनला दोष देण्यात अर्थ नाही. १५ मीटर उभा पाइप, तापमान २५ वरून ६५ अंशांवर गेलं, म्हणजे वाढ ३९ मिमी. बोटाच्या दोन पेरांएवढी! तेच लोखंडी जीआय पाइपचं ७ मिमी होतं. म्हणूनच जीआयच्या सवयीने केलेलं फिटिंग सीपीव्हीसीला मानवत नाही. हिवाळ्यात तर पहाटे पाइप १२ अंशांवर असतो आणि पहिला माणूस आंघोळीला गेला की मिनिटभरात त्यातून ६० अंशांचं पाणी वाहू लागतं. धक्का तेव्हा बसतो.

उभा पाइप वाढून सरकतो आणि प्रत्येक मजल्यावर भिंतीत गाडलेली आडवी फांदी त्याला धरून ठेवते. मधल्या मध्ये टी मोडतो. तेव्हा उभ्या पाइपला मध्यावर एकच पक्का क्लॅम्प असू द्या. बाकीचे क्लॅम्प असे, की पाइप त्यातून घसरेल. मध्यावर धरला तर वरचं टोक १९-२० मिमी वर आणि खालचं तेवढंच खाली सरकेल, एका बाजूला ३९ साचणार नाहीत. प्रत्येक टीपासून भिंतीत शिरेपर्यंत आडव्या पाइपला फूटभर तरी मोकळी लांबी ठेवा, म्हणजे ती वाकून हालचाल सोसेल. भिंतीतलं छिद्र पाइपपेक्षा मोठं ठेवा आणि सिमेंटने न भरता फोमने भरा. सलग लांब पाइपला लूप द्या. व्यास आणि वाढ यांवरून लूपची लांबी किती, याचा तक्ता पाइप बनवणारी प्रत्येक कंपनी देते, तो मागून घ्या. पितळी नळ किंवा निप्पल जोडताना प्लास्टिकच्या आट्याचं फिटिंग वापरू नका, पितळी इन्सर्टचंच घ्या.

आणखी एक गोष्ट, विचारली नसली तरी. सोलर टाकीच्या वर उघडा व्हेंट पाइप असतो. २०० लिटर पाणी २५ वरून ६५ अंशांवर गेलं की ३.३ लिटर जास्तीचं होतं. त्याला जायला तोच रस्ता. थंड पाण्याच्या लाइनवर नॉन-रिटर्न (पाणी उलट जाऊ न देणारा) व्हॉल्व्ह असेल आणि व्हेंट क्षाराने बुजला किंवा कुणी ‘पाणी उडतं’ म्हणून त्यावर टोपी बसवली, तर टाकीचे सांधे सुटतात. रात्री थंड पाण्याचा पुरवठाही बंद असेल तर उलट होतं. पाणी आकसतं, हवा आत येऊ शकत नाही आणि पत्रा आत ओढला जातो. वर्षातून एकदा गच्चीवर जाऊन व्हेंट मोकळा आहे ना, ते पाहा.

प्रश्न : १५ लिटरच्या गिझरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकतं. व्हॉल्व्ह बदलू की बूच मारू?
– हडपसर

उत्तर : बूच कधीच नाही. पाणी तापताना तेवढ्याच गिझरमध्ये पाव लिटर पाणी जास्तीचं होतं. गिझर चालू असताना ठिबकणं म्हणजे व्हॉल्व्ह आपलं काम चोख करतोय. खाली नळी लावून ते पाणी मोरीत सोडा. गिझर बंद असतानाही दिवसभर ठिबकत असेल तर व्हॉल्व्हच्या सीटवर क्षार बसलाय किंवा वरून येणारा दाब जास्त आहे. बोअरचं वा टँकरचं पाणी वापरणाऱ्या सोसायट्यांत पहिली शक्यता अधिक. महिन्यातून एकदा व्हॉल्व्हची दांडी उचलून पाणी वाहू दिलं तर क्षार धरत नाही.

प्रश्न : आम्ही १०० मिमी व्यासाच्या ॲल्युमिनियमच्या रिंगा टर्न करतो. शॉपमध्ये मायक्रोमीटरवर माप बरोबर, ग्राहकाच्या एसी खोलीत तोच जॉब अंडरसाइज. मायक्रोमीटर कॅलिब्रेट केलेला आहे.
– भोसरी

उत्तर : दोघांचीही मापं खरी आहेत, तापमान वेगळं आहे. ड्रॉइंगवरचं प्रत्येक माप २० अंशांवरचं असतं, १९३१ पासून जगभर हाच संकेत आहे. तुमचा शॉप ३८ अंशांवर. जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही पोलादाचे असते तर दोघं सारखेच वाढले असते आणि चूक आपोआप फिटली असती. पण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट वाढतं. १०० मिमीवर १८ अंशांमागे हा फरक ०.०२० मिमी होतो. शॉपमध्ये बरोबर १०० दाखवणारा जॉब ग्राहकाकडे ९९.९८० दाखवणारच.

त्यात मशीनवरून नुकताच उतरवलेला, ५० अंशांवरचा जॉब लगेच मोजला तर एकूण चूक ४७ मायक्रॉनवर जाते. हाताला जेमतेम कोमट लागणारा जॉबसुद्धा फसवतो.

शॉपला एसी बसवणं नेहमी परवडत नाही, गरजेचंही नाही. रफ कट झाल्यावर जॉब थंड होऊ द्या आणि फिनिश कटला कूलंट भरपूर ठेवा. मोजायचे जॉब आणि मायक्रोमीटर दोन्ही तासभर एकाच सरफेस प्लेटवर राहू द्या. त्याच ग्रेडच्या ॲल्युमिनियमची एक मास्टर रिंग करून २० अंशांवर तिचं माप प्रमाणित करून घ्या आणि शॉपमध्ये जॉबची तुलना तिच्याशी करा. मास्टर आणि जॉब सारखेच वाढत असल्याने तापमानाचा प्रश्नच मिटतो, आणि आमच्या मते सर्वांत स्वस्त उपाय हाच. मायक्रोमीटर तळहातात धरून ठेवायची सवयही मोडा, फ्रेम गरम होऊन शून्य सरकतं. हे जमत नसेल तर टूल ऑफसेटमध्ये (मशीनमधल्या हत्याराच्या मापात) तेवढी दुरुस्ती टाका, पण मग सकाळच्या आणि दुपारच्या शिफ्टची दुरुस्ती वेगळी असेल, हे विसरू नका.

प्रश्न : पूर्वी पुणे-लोणावळा लोकलमध्ये रुळांच्या सांध्यांचा खडखडाट सतत यायचा, आता बराच कमी झालाय. सांधे वेल्ड केले म्हणतात. मग उन्हाळ्यात रूळ वाढून जातात कुठे?
– तळेगाव

उत्तर : कुठेच जात नाहीत, त्यांना जाऊच देत नाहीत. एक किलोमीटर रूळ मोकळा असता तर ३० अंशांनी तापल्यावर सुमारे ३४५ मिमी लांबला असता. पूर्वी १३ मीटरच्या तुकड्यांमध्ये फट ठेवून ही वाढ मुरवली जायची. आता तुकडे जोडून सलग करतात आणि काँक्रीटचे स्लीपर, क्लिपा व खडी यांच्या जोरावर रूळ जागीच जखडतात. लांबायला मिळालं नाही की रुळात दाब साठतो. मीटरला ६० किलो वजनाच्या रुळात ३० अंशांमागे हा दाब सुमारे ५५ टनांचा होतो. गंमत म्हणजे तो लांबीवर अवलंबून नसतो. अर्धा किलोमीटर असो की पन्नास, दाब तेवढाच. म्हणून तर सलग रूळ शक्य झाले. सरकतात फक्त दोन्ही टोकांचे साधारण शंभरेक मीटर, आणि तिथे खास प्रसरण सांधा बसवलेला असतो.

रूळ जखडताना त्या जागेच्या वर्षभरातल्या कमाल-किमान तापमानांच्या मधलं तापमान निवडतात. त्या तापमानाला रुळात ताणही नसतो आणि दाबही नसतो. त्यापेक्षा तापमान २० अंशांहून वर गेलं की ट्रॅकमन दुपारची गस्त घालतात, कारण खडी कमी पडलेल्या जागी रूळ बाजूला फुगून वाकडा होऊ शकतो. थंडीत उलटी भीती. ताणाने वेल्ड तुटतो, म्हणून पहाटेची गस्त. उन्हाळ्याच्या दुपारी रुळावरची खडी कुणी उपसताना दिसलं तर ते साधं काम समजू नका. रुळाला बाजूने धरून ठेवणारा आधारच निघून जात असतो.

प्रश्न : धातूच्या पत्र्याला मध्ये भोक आहे. पत्रा तापवला तर भोक लहान होईल की मोठं? आमच्या वर्गात दोन तट पडलेत.
– इयत्ता नववी, पर्वती

उत्तर : मोठं. भोकाच्या जागी त्याच धातूची चकती बसवलेली आहे असं समजा. ती तापून जेवढी वाढली असती तेवढंच भोक वाढतं. पुरावा हवा असेल तर बैलगाडीचं चाक पाहा. लोखंडी धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल तापवतात आणि लाकडी चाकावर चढवून लगेच पाणी ओततात. सुमारे सव्वा मीटर व्यासाची धाव ५०० अंशांनी तापली की तिचा आतला व्यास सुमारे ८ मिमी वाढतो. थंड होताना ती आरे आणि पुठ्ठे असे आवळते की सांध्यात खिळ्याचंही काम उरत नाही.

प्रश्न : एकात एक अडकलेले स्टीलचे पेले कसे सोडवायचे? आणि बिडाच्या तव्याला तडा का गेला?
– बिबवेवाडी

उत्तर : आतल्या पेल्यात बर्फाचं पाणी भरा आणि बाहेरचा पेला गरम पाण्यात धरा. अर्धं मिनिट पुरे. ७० मिमीच्या तोंडावर ४० अंशांच्या फरकाने ०.०५ मिमी जागा होते आणि तेवढी बास आहे. जास्त वेळ ठेवलं तर दोघांचं तापमान एक होतं आणि पुन्हा पहिलेच पाढे. तव्याचं म्हणाल तर बीड पोलादाएवढंच वाढतं, पण त्याला वाकणं ठाऊक नाही. तापल्या तव्यावर गार पाणी पडलं की तेवढाच भाग आकसायला बघतो, बाकीचा आकसत नाही, आणि तडा जातो. निवू द्या, मग धुवा.

प्रश्न : सकाळी लवकर पेट्रोल भरलं तर जास्त मिळतं, हे खरं का?
– चिंचवड

उत्तर : हिशोब बरोबर, व्यवहारात फोल. पेट्रोल एका अंशाला ०.०९५ टक्के वाढतं, म्हणजे १० लिटरमागे अंशाला साडेनऊ मिलिलिटर. पण पंपाची टाकी जमिनीखाली असते आणि तिथलं तापमान दिवस-रात्रीत जेमतेम हलतं. त्यापेक्षा दुसरी काळजी घ्या. दुचाकीची टाकी नळीच्या गळ्यापर्यंत भरू नका. ५ लिटर पेट्रोल २७ वरून ४२ अंशांवर गेलं की ७० मिलिलिटर वाढतं. गाडी उन्हात उभी असेल तर ते बाहेर तरी येतं, नाहीतर वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमधला कोळसा भिजवतं.

प्रश्न : वाड्यातलं लंबकाचं जुनं घड्याळ जानेवारीत बरोबर लावलं, मे महिन्यात मागे पडू लागलं. तेलपाणी झालेलं आहे.
– नारायण पेठ

उत्तर : लंबकाची दांडी पोलादी असेल तर खोलीच्या तापमानात १५ अंशांची वाढ झाल्यावर घड्याळ दिवसाला ८ सेकंद मागे पडतं, आठवड्याला जवळजवळ मिनिटभर. पितळी असेल तर दिवसाला १२. याहून जास्त मागे पडत असेल तर कारण दुसरं शोधा, आणि पहिल्यांदा घड्याळ ओळंब्यात टांगलंय का, ते बघा.

दुरुस्ती गोळ्याखालच्या नटाने. उन्हाळ्यात नट वर घ्यायचा, लंबक आखूड होतो आणि घड्याळ पुढे पळतं. लंबक साधारण २५ सेंटिमीटरचा आणि आट्यांमधलं अंतर अर्धा मिलिमीटर असेल तर नटाच्या पूर्ण फेऱ्याने दिवसाला ८६ सेकंद फरक पडतो. तुम्हाला फेऱ्याचा आठवा भाग पुरेल. फिरवताना लंबक एका हाताने धरा, वरची पातळ स्प्रिंग पिळली तर काम वाढेल. लाकडी दांडी रेषांच्या दिशेने फारच कमी वाढते, म्हणून जुने कारागीर ती पसंत करत. घड्याळजींच्या याच त्रासाला स्वित्झर्लंडच्या शार्ल एदुआर गियोम यांनी १८९६ मध्ये निकेल आणि लोखंडाचा ‘इन्व्हार’ हा मिश्रधातू काढून उत्तर दिलं. तो पोलादाच्या जेमतेम दहाव्या हिश्शाने वाढतो. त्याबद्दल त्यांना १९२० चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. तुमच्या गिझरच्या थर्मोस्टॅटमध्ये पितळी नळीच्या आत बहुधा त्याच मिश्रधातूची कांडी असते. नळी वाढते, कांडी वाढत नाही, आणि या फरकावर स्विच उघडतो.

प्रश्न : ६० मिमी बोअरचं (आतल्या भोकाचं) बेअरिंग शाफ्टवर ठोकून बसवताना खराब होतं. तापवून बसवायचं तर किती तापवायचं? बसवल्यावर काही दिवसांनी ढिलं वाटतं तेही का?
– चाकण

उत्तर : समजा शाफ्ट बोअरपेक्षा ०.०३ मिमी मोठा आहे आणि बेअरिंग सहज घसरावं म्हणून आणखी ०.०२ मिमी जागा हवी. ०.०५ मिमीसाठी सुमारे ७० अंशांची वाढ लागते. ३० अंशांच्या शॉपमध्ये म्हणजे १०० अंश. शाफ्टपर्यंत नेताना थोडं निवणार, म्हणून ११० धरा. १२० ओलांडू नका, पोलादाची रचना बदलून माप कायमचं सरकतं. रबर सील आणि आत ग्रीस भरलेलं बेअरिंग ८० च्या वर नेऊ नका, आणि तेलात तर मुळीच बुडवू नका. गॅसची ज्योत थेट लावणं सर्वांत घातक. एका बाजूला निळसर डाग आला की ते बेअरिंग गेलं समजा. इंडक्शन हीटर उत्तम, पण शेवटी डीमॅग्नेटाइज करायचं विसरू नका, नाहीतर लोखंडाचा कीस खेचून घेतं. तेलाच्या भांड्यात तापवत असाल तर जाळीवर ठेवा, तळाला टेकवू नका.

ढिलं का वाटतं, ते असं. गरम बेअरिंग शाफ्टच्या खांद्यापर्यंत (जिथे शाफ्ट जाड होतो त्या पायरीपर्यंत) सरकवून कारागीर हात काढतो. थंड होताना बेअरिंग रुंदीतही आकसतं आणि आधी बोअर शाफ्टला आवळतो, म्हणून ते खांद्यापासून किंचित मागे राहून तिथेच धरलं जातं. पुढे लोड आला की ती फट मिटते आणि नट सैल होतो. तेव्हा नट लावून किंवा स्लीव्हने दाबून बेअरिंग पूर्ण थंड होईपर्यंत खांद्याला टेकलेलं ठेवा, थंड झाल्यावर नट पुन्हा आवळा आणि खांदा व रिंग यांच्यामध्ये सर्वांत पातळ फीलर गेज (फट मोजायची पट्टी) घालून पाहा. कुठल्याही बाजूने ते आत शिरता कामा नये.